तारीख खरी, गोष्ट रचलेली: विज्ञानातील जयंत्या आणि शताब्द्या कशा वाचाव्यात

ज्या वर्षी गॅलिलिओचे निधन झाले त्याच वर्षी न्यूटनचा जन्म झाला, हे वाक्य विज्ञानाच्या इतिहासावरील लेखांत इतक्या वेळा येते की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. त्यातून सुचणारा अर्थही मोहक आहे, कारण एका पिढीने आपले अपुरे काम जणू दुसरीच्या हवाली केले असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ रोजी इटलीत झाला आणि न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ रोजी इंग्लंडमध्ये झाला, या दोन्ही तारखा आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. मात्र त्या दोन वेगवेगळ्या दिनदर्शिकांतील आहेत आणि तिथेच या योगायोगाचा आधार निखळतो.

जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेत वर्षाची लांबी ३६५ दिवस आणि ६ तास धरलेली होती, तर ऋतूंचे प्रत्यक्ष वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान असते. अकरा मिनिटे क्षुल्लक वाटतात, पण साधारण १२८ वर्षांत त्यांचा एक पूर्ण दिवस होतो आणि शतकानुशतके साचत गेलेली ही चूक सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवसांवर पोहोचली. म्हणून १५८२ साली पोप तेराव्या ग्रेगरीने सुधारणा केली: ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस एकदम १५ ऑक्टोबर मानण्यात आला आणि यापुढे ज्या शतकवर्षाला ४०० ने भाग जात नाही ते लीप वर्ष धरायचे नाही, असे ठरले. इटलीने ही सुधारणा लगेच स्वीकारली, पण इंग्लंडने ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. त्यामुळे गॅलिलिओची पुण्यतिथी नव्या पद्धतीने नोंदली गेली आणि न्यूटनचा वाढदिवस जुन्या. दोन्ही तारखा नव्या पद्धतीने लिहिल्या तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ रोजी येतो, आणि दोन्ही जुन्या पद्धतीने लिहिल्या तर गॅलिलिओचा मृत्यू २९ डिसेंबर १६४१ रोजी येतो. कोणतीही एकच पद्धत प्रामाणिकपणे पाळली, तर दोघांचे वर्ष एक होत नाही.

न्यूटनच्या मृत्यूच्या वर्षाबाबत आणखी एक गुंता आहे. वेस्टमिन्स्टर ॲबीतील त्याच्या स्मारकावर मृत्यूची तारीख २० मार्च १७२६ अशी कोरलेली आहे, तर बहुतेक चरित्रे १७२७ हे वर्ष देतात. यात कोणाचीही चूक नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये नवे वर्ष कायद्याने २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे २० मार्चचा दिवस अजून सरत्या वर्षातच मोडत होता. आजच्या पद्धतीने तीच तारीख ३१ मार्च १७२७ होते. न्यूटनची द्विशताब्दी किंवा त्रिशताब्दी कोणत्या वर्षी, कोणत्या दिवशी साजरी करायची, याचे उत्तर म्हणूनच आपण कोणती कालगणना मानतो यावर अवलंबून राहते.

एखाद्याची जन्मतारीख नोंदवहीत शोधण्याऐवजी गणिताने काढता यावी, याचे माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिख गाउसचे आहे. गाउसच्या आईला त्याच्या जन्माची तारीख आठवत नव्हती. तो बुधवारी जन्मला आणि ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाला तेव्हा आठ दिवस होते, एवढेच तिच्या लक्षात होते. हा सण ईस्टरनंतर ३९ दिवसांनी येतो. ईस्टरचा दिवस मात्र दरवर्षी बदलतो, कारण तो वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवर आणि त्यापुढच्या रविवारावर ठरतो. म्हणजे सगळा प्रश्न १७७७ सालचा ईस्टर कधी होता, इथे येऊन थांबतो. गाउसने पुढे १८०० साली ईस्टर काढण्याची एक रीत प्रसिद्ध केली आणि ती त्याच्याच जन्मवर्षाला लावून पाहता येते.

१७७७ ला १९ ने भागले तर बाकी १० उरते, ४ ने भागले तर १ आणि ७ ने भागले तर ६. पहिली बाकी १९ ने गुणायची आणि त्यात २३ मिळवायचे, की २१३ येतात. त्यांना ३० ने भागले की बाकी ३ राहते. आता दुसऱ्या बाकीची दुप्पट, तिसरीची चौपट, नुकत्याच आलेल्या ३ ची सहापट आणि वर आणखी ३ यांची बेरीज करायची: २, २४, १८ आणि ३ मिळून ४७ होतात आणि त्यांना ७ ने भागल्यावर बाकी ५ उरते. शेवटी २२ मार्चमध्ये हे ३ आणि ५ दिवस मिळवायचे, म्हणजे ईस्टर ३० मार्चला येतो. (यातले २३ आणि मिळवलेला ३ हे अठराव्या शतकासाठी ठरलेले आकडे आहेत, इतर शतकांत ते बदलू शकतात.) १९ या संख्येमागचे कारण असे की दर १९ वर्षांनी चंद्राच्या कला जवळपास त्याच तारखांना परत येतात. ४ लीप वर्षांसाठी आणि ७ आठवड्याच्या वारांसाठी येतात. ३० मार्चमध्ये ३९ दिवस मिळवले की ८ मे आणि त्यातून ८ दिवस मागे गेले की ३० एप्रिल १७७७. तो दिवस बुधवारच होता. आईच्या आठवणीतील वार गणितातून बाहेर पडलेल्या तारखेशी जुळतो, आणि गाउसची जयंती म्हणून जगभर पाळली जाणारी तारीख हीच आहे.

त्याच गाउसबद्दल शाळेतील एक गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते: गुरुजींनी १ ते १०० पर्यंतच्या संख्यांची बेरीज करायला सांगितली आणि या लहान मुलाने पहिली व शेवटची, दुसरी व उपांत्य अशा ५० जोड्या लावून क्षणात ५०५० हे उत्तर पाटीवर लिहिले. रीत अचूक आहे आणि मुलांना शिकवण्यासाठी ती उत्तमही आहे. पण या गोष्टीचा लेखी उगम शोधत गेले तर आपण १८५६ साली, म्हणजे गाउसच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, सार्टोरियस फोन वाल्टरशाउझेन या त्याच्या स्नेह्याने लिहिलेल्या स्मृतिलेखनाशी पोहोचतो. तिथे वर्गात एक अंकगणिती श्रेढी दिली गेली होती आणि गाउसने सर्वांच्या आधी आपली पाटी टेबलावर ठेवली, इतकेच आहे. १ ते १०० ही श्रेढी त्यात नाही आणि जोड्या लावण्याची रीतही नाही. पुढच्या लेखकांनी, बहुधा वाचकाला उदाहरण कळावे या सद्हेतूने, आकडे भरले आणि नंतरच्या पिढ्यांनी ते आकडे इतिहास म्हणून पुढे पाठवले.

याउलट गाउसच्या आयुष्यातील दोन दिवस आपल्याला त्याच्याच हस्ताक्षरात मिळतात. केवळ कंपास आणि पट्टी वापरून सतरा भुजांची सुसम आकृती काढता येते, हा शोध त्याने ३० मार्च १७९६ रोजी लावला आणि त्याच नोंदीने त्याची गणिती दैनंदिनी सुरू होते. तेव्हा त्याला एकोणिसावे वर्ष पुरे व्हायला एक महिना बाकी होता. त्याच वर्षी १० जुलैला त्याने ग्रीक अक्षरांत ‘युरेका’ लिहून पुढे नोंदवले की प्रत्येक नैसर्गिक संख्या जास्तीत जास्त तीन त्रिकोणी संख्यांच्या बेरजेत मांडता येते. त्रिकोणी संख्या म्हणजे १, ३, ६, १०, १५ अशा, ठिपक्यांचा त्रिकोण रचल्यावर मिळणाऱ्या संख्या. १ पासून १०० पर्यंतची बेरीज ही स्वतःच एक त्रिकोणी संख्या आहे, ही गोष्ट मला फार आवडते: दंतकथेतला विषय आणि दैनंदिनीतला विषय इथे एकमेकांच्या शेजारी येऊन बसतात, पण त्यांच्यामागचा पुरावा मात्र सारखा नाही.

एवढ्या उदाहरणांवरून मुद्दा स्पष्ट व्हावा. वर्धापनदिन साजरा करायचा तर एक दिवस हवा असतो आणि शोध मात्र बहुधा अनेक वर्षांत पसरलेला असतो. त्या वर्षांतून एक क्षण निवडावा लागतो आणि जिथे कागदपत्रे असा क्षण देत नाहीत, तिथे गोष्ट तो पुरवते. म्हणून कोणतीही शताब्दी वाचताना मी एकच प्रश्न आधी विचारतो: घटना घडल्यापासून तिची पहिली लेखी नोंद होईपर्यंत किती काळ गेला?

न्यूटनच्या सफरचंदाला हा प्रश्न लावून पाहावा. त्याचा स्नेही विल्यम स्टकली याने लिहून ठेवले आहे की १५ एप्रिल १७२६ रोजी जेवणानंतर ते दोघे बागेत सफरचंदाच्या झाडांच्या सावलीत चहा घेत बसले होते आणि तेव्हा न्यूटनने सांगितले की गुरुत्वाकर्षणाची कल्पना आपल्याला अशाच प्रसंगी, सफरचंद पडताना पाहून सुचली होती. म्हणजे आठवण न्यूटनचीच आहे, पण ती सुमारे साठ वर्षांपूर्वीची आहे. सफरचंद डोक्यावर पडले, असे स्टकलीच्या लेखनात कुठेही नाही. ती भर नंतरची आहे. आणि या भरीमुळे मूळ प्रसंगातला खरा विचारच झाकला जातो. फळ खाली पडते हे सर्वांनाच ठाऊक होते. न्यूटनचा प्रश्न असा होता की फळाला खेचणारा जोर चंद्रापर्यंत पोहोचत असेल का. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या सुमारे ६० त्रिज्यांइतका दूर आहे. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात जोर घटत असेल, तर चंद्राजवळ तो ६० गुणिले ६०, म्हणजे ३६०० पटींनी क्षीण व्हायला हवा. पडण्याचे अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, जमिनीजवळचे फळ पहिल्या सेकंदात जेवढे खाली येते, तेवढाच चंद्र आपल्या सरळ मार्गापासून एका मिनिटात पृथ्वीकडे वळला पाहिजे. दोन्ही अंतरे सुमारे ४.९ मीटर येतात. हा हिशोब पक्का होऊन, त्यामागची भूमिती सिद्ध होऊन ग्रंथ छापला गेला तो १६८७ साली. बागेतील क्षण आणि ग्रंथ यांच्यामधली वीस वर्षे टाळून केलेला कोणताही उत्सव शोधाविषयी चुकीची समजूत देतो, असे मला मनापासून वाटते.

पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने दोन गोळे टाकल्याची कथाही त्याच्या शिष्याने, विव्हियानीने, चरित्रात लिहिली. गॅलिलिओच्या स्वतःच्या ग्रंथांत त्या मनोऱ्यावरील प्रयोगाचे वर्णन नाही. असा प्रयोग डेल्फ्ट येथे सिमॉन स्टेव्हिनने केला होता आणि त्याने तो १५८६ साली छापूनही ठेवला. त्याची आठवण मात्र फार थोडे लोक काढतात.

कधी कधी मात्र शोधाला खरोखरच एक दिवस असतो. आयरिश गणितज्ञ विल्यम रोवन हॅमिल्टन अनेक वर्षे तीन घटकांच्या संख्यांचा गुणाकार कसा करावा या प्रश्नाशी झगडत होता आणि रोज सकाळी न्याहारीला आला की त्याची मुले त्याला विचारत, ‘बाबा, जमला का गुणाकार?’ १६ ऑक्टोबर १८४३ रोजी पत्नीसह डब्लिनच्या रॉयल कालव्याच्या काठाने रॉयल आयरिश अकादमीच्या सभेला जात असताना त्याला उलगडा झाला की तीन नव्हे, चार घटक घ्यावे लागतात. साध्या संख्येच्या जोडीला आय, जे आणि के अशा तीन राशी घ्यायच्या, प्रत्येकीचा वर्ग उणे १ आणि तिघींचा त्याच क्रमाने केलेला गुणाकारही उणे १. त्यासाठी गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच राहते, हा अंकगणितातील जुना नियम त्याला सोडून द्यावा लागला आणि बीजगणिताच्या इतिहासात ही सोडचिठ्ठी फार मोलाची ठरली. आज अंतराळयानाची दिशा ठरवताना किंवा संगणकावर त्रिमितीय आकृती फिरवताना याच चार घटकांच्या संख्यांचा, म्हणजे चतुष्टयींचा, उपयोग होतो.

या दिवसाचा पुरावा भक्कम आहे. हॅमिल्टनने त्या दिवशी आपल्या खिशातील वहीत टिपणे केली आणि दुसऱ्याच दिवशी, १७ ऑक्टोबरला, जॉन ग्रेव्ह्ज या मित्राला सविस्तर पत्र लिहिले. उलगडा होताच कालव्यावरील पुलाच्या दगडावर चाकूने सूत्र कोरल्याचा प्रसंग मात्र त्याने बऱ्याच वर्षांनी, १८६५ साली मुलाला लिहिलेल्या पत्रात वर्णन केला आहे. कोरलेली अक्षरे आज दिसत नाहीत. तिथे १९५८ मध्ये स्मृतिफलक बसवला गेला आणि दरवर्षी १६ ऑक्टोबरला गणितप्रेमी डन्सिंक वेधशाळेपासून त्या पुलापर्यंत चालत जातात. तारीख निश्चित आहे आणि कोरीव सूत्र ही स्वतः शोधकर्त्याची उशिरा सांगितलेली आठवण आहे. दोन्ही मानाव्यात, पण त्यांना सारखे वजन देऊ नये.

मेंडेलीव्हच्या बाबतीत खरी तारीख आणि रचलेली गोष्ट एकाच माणसाला चिकटलेल्या आहेत. मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणाऱ्या त्याच्या कागदावर १७ फेब्रुवारी १८६९ ही तारीख आहे. रशियात तेव्हा जुनीच दिनदर्शिका चालत असल्याने आपल्या हिशेबाने तो १ मार्च होतो. रिकाम्या ठेवलेल्या जागी पुढे गॅलियम १८७५ मध्ये, स्कँडियम १८७९ मध्ये आणि जर्मेनियम १८८६ मध्ये येऊन बसले, म्हणून त्या कागदाचे महत्त्व आहे. त्याच्याविषयीची दुसरी लोकप्रिय समजूत अशी की व्होडकातील मद्यार्काचे प्रमाण ४० टक्के असावे हे त्यानेच ठरवले. त्याने १८६५ साली मद्यार्क आणि पाणी यांच्या मिश्रणावर प्रबंध सादर केला होता, हे खरे. पण ४० टक्क्यांचे ते प्रमाण रशियात १८४३ सालापासूनच नियमांत होते आणि तेव्हा मेंडेलीव्ह नऊ वर्षांचा होता. खोटी गोष्ट बहुधा अशीच तयार होते: एक खरा प्रबंध, एक खरे नाव आणि त्यांना जोडणारा एक न तपासलेला दुवा.

नेपच्यूनचा वर्धापनदिन तर ग्रहाच्या आणि आपल्या कालगणनेतील फरकच दाखवतो. फ्रेंच गणितज्ञ ल व्हेरिएच्या गणिताच्या आधारे बर्लिनच्या वेधशाळेत योहान गालने तो २३ सप्टेंबर १८४६ रोजी पाहिला. नेपच्यूनला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला जवळपास १६५ वर्षे लागतात, म्हणून शोधानंतरचे त्याचे पहिले ‘वर्ष’ जुलै २०११ मध्ये भरले. त्याच्याही आधी, डिसेंबर १६१२ आणि जानेवारी १६१३ मध्ये, गॅलिलिओने गुरूचे वेध घेताना तो पाहिला होता आणि आपल्या रेखाटनात तारा म्हणून नोंदवला होता. मग शोध कधीचा मानायचा? माझे उत्तर १८४६ हेच आहे, कारण दिसणे आणि काय दिसले हे कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आतापर्यंतच्या गोष्टी नकळत वाढत गेलेल्या होत्या. काही मात्र जाणूनबुजून रचलेल्या असतात. २८ डिसेंबर १९१७ रोजी अमेरिकी पत्रकार एच. एल. मेंकेनने ‘न्यूयॉर्क इव्हनिंग मेल’ या दैनिकात लिहिले की अमेरिकेतील पहिल्या न्हाणीटबाला २० डिसेंबर रोजी ७५ वर्षे झाली आणि कोणी त्याची दखलही घेतली नाही. सिनसिनाटी शहर, मालकाचे नाव, डॉक्टरांचा विरोध, राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी व्हाइट हाऊसमध्ये बसवून घेतलेला टब, असा सगळा तपशील त्यात होता आणि तो सगळा काल्पनिक होता. युद्धाच्या दिवसांत थोडी करमणूक म्हणून हा लेख लिहिल्याचे मेंकेनने १९२६ मध्ये जाहीरपणे सांगितले, तरीही ती माहिती खरी मानून छापली जातच राहिली. वाचकांचा विश्वास बसला तो नेमक्या तारखेमुळे. अचूक दिसणारा आकडा पुराव्याची जागा घेतो आणि ७५ सारखी गोल संख्या मिळाली की तर कोणी विचारतही नाही.

गणितज्ञांनी रचलेल्या खोट्या इतिहासाचे स्वरूप याहून वेगळे आहे आणि मला तो अधिक प्रिय आहे, कारण त्याने कोणाचे नुकसान केले नाही आणि त्याच्या आडून अस्सल काम उभे राहिले. १० डिसेंबर १९३४ रोजी पॅरिसच्या एका कॅफेत आंद्रे वेय, आंरी कार्तां आणि त्यांचे काही तरुण सहकारी जमले. विश्लेषण या गणितशाखेची जुनी पाठ्यपुस्तके अपुरी वाटत असल्याने आपणच एकत्र बसून नवे पुस्तक लिहावे, असा त्यांचा विचार होता. पुस्तकाला लेखक हवा म्हणून त्यांनी निकोला बूर्बाकी नावाचा एक गणितज्ञ निर्माण केला. आडनाव एकोणिसाव्या शतकातील एका फ्रेंच सेनापतीकडून घेतलेले होते. १९३५ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात या लेखकाचे टिपण द्यायचे ठरले तेव्हा वेयने त्याचा परिचयही तयार केला आणि त्याला पोल्देव्हिया या देशाचा रहिवासी ठरवले. हा देशही नकाशावर नव्हताच. १९२९ साली एका पत्रकाराने फ्रेंच लोकप्रतिनिधींना फसवण्यासाठी तो रचला होता. बूर्बाकीला पुढे ‘नांकागो’ येथील विद्यापीठही मिळाले, जे नान्सी आणि शिकागो या दोन शहरांची नावे जोडून बनवलेले होते. राल्फ बोआस या अमेरिकी गणितज्ञाने एका विश्वकोशासाठी लिहिले की बूर्बाकी हा गट आहे, तेव्हा बूर्बाकीच्या नावाने निषेधाचे पत्र गेले आणि बोआस हेच एक टोपणनाव असल्याची अफवा पसरवण्यात आली.

एवढा खेळ चालू असताना लिखाण मात्र अत्यंत कठोर शिस्तीने होत होते. प्रत्येक प्रकरणाचा मसुदा मोठ्याने वाचला जाई, त्यावर ओळीगणिक वाद होई, तो फाडून दुसऱ्याकडे नव्याने लिहायला दिला जाई आणि सर्वांचे एकमत झाल्याशिवाय छपाईला जात नसे. सदस्याने पन्नाशीनंतर निवृत्त व्हावे, असा दंडक होता. रिक्त संचासाठी आज शाळेतही वापरले जाणारे, तिरप्या रेघेने छेदलेले वर्तुळाकार चिन्ह याच गटात, वेयच्या सुचवण्यावरून रूढ झाले.

१९६८ साली बूर्बाकीच्या निधनाची छापील पत्रिका गणितज्ञांमध्ये फिरली आणि तिच्यात ११ नोव्हेंबर हा मृत्युदिन दिलेला होता. ती पत्रिकाही थट्टेचाच भाग होती. १० डिसेंबर १९३४ ही बैठकीची तारीख मात्र पक्की आहे, आणि पुण्यतिथी लिहून झालेल्या या लेखकाच्या नावावर २०१६ मध्येही बैजिक संस्थितीविज्ञान या गणितशाखेवरचा नवा ग्रंथ प्रसिद्ध झाला.